बायको हैदराबादला, लेकरं माझ्याकडं

मे महिन्यात बायको तीन आठवडे ट्रेनिंगला हैदराबादला गेली. घरात मी, नऊ वर्षांची लेक अन् पाच वर्षांचा पोरगा. परभणीचं ऊन, पारा ४३ च्या पुढं. दुकान मी दुपारी एक ते पाच बंद ठेवायचो, पण तेच चार तास जड जायचे. मोबाईलवरून मारामारी, रडारड, लेकीचं डोकं दुखणं.

आधी वाटलं, आई नाही म्हणून किरकिर. चौथ्या दिवशी कारण सापडलं: कूलर! गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून मी सगळ्या खिडक्या गच्च लावत होतो. कूलर पाण्याची वाफ हवेत सोडतो; ती बाहेर निघाली नाही तर खोली दमट होते अन् घाम वाळतच नाही. कूलर एका खिडकीत बसवला, त्याच्या समोरची खिडकी वीतभर उघडली. अर्ध्या तासात फरक पडला.

मग दिवसच उलटा केला. पहाटे साडेपाचला उठून मैदान, आठला घरी. नाश्त्याला मुरमुऱ्यांची सुशीला, मुरमुरे भिजवून पिळायचं काम लेकीचं. (पहिल्या दिवशी लगदा झाला, खाल्ला.) माठाशेजारी तांब्या ठेवला. पोरगा उन्हात खेळून मलूल झाला तेव्हा १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्यानं ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजलं.

मोबाईल मात्र सुटला नाही. संध्याकाळी आईच्या व्हिडिओ कॉलनंतर अर्धा तास, एवढ्यावर तडजोड झाली.