पूलची केमिकल्स हाताळायची कशी: पंप रूममधल्या नव्या पोरांसाठी

ऑक्टोबर उजाडला की किनाऱ्यावरची हॉटेलं भरायला लागतात आणि पंप रूममध्ये नवी पोरं येतात, कोण डिचोलीचा, कोण सावंतवाडीचा, कोण पार झारखंडातला. त्याला ट्रेनिंग काय, तर निळ्या कॅनमधलं सकाळी दोन मग घाल, पांढऱ्या कॅनमधलं पीएच वाढला की घाल, झालं, लाग कामाला. मी गोव्यात, बारदेसात हॉटेलांच्या मेन्टेनन्समध्ये बरीच वर्षं काढली आहेत, त्यातून जे शिकलो ते सांगतो.

आधी आपल्याकडे काय काय पडलंय ते ओळख. लिक्विड हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ड्रममधली पांढरी पावडर म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट, साधारण ६५ ते ७० टक्क्यांची. मोठ्या गोळ्या टीसीसीएच्या, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिडच्या, त्यावर ९० लिहिलेलं असतं. आणि चौथं ॲसिड, हायड्रोक्लोरिक. पहिल्या तिघांना सगळेच 'क्लोरीन' म्हणतात आणि गडबड तिथेच होते, कारण पोराला वाटतं सगळं एकच आहे, पावडर संपली तर गोळ्या कुटून घालू.

हायपो किंवा पावडरीला ॲसिड लागलं की क्लोरीन गॅस सुटतो, गोळ्याही ॲसिडजवळ न्यायच्या नाहीत, हे बहुतेकांना ऐकून तरी माहीत असतं. पण पावडर आणि गोळ्या एकमेकांत मिसळल्या आणि त्यात ओल गेली तर तापतात, पेट घेतात, बंद डब्यात असतील तर फुटतात, हे सांगितलं की अजून लोक माझ्याकडे थापा मारतोय असं बघतात. म्हणून गोळ्यांच्या फीडरमध्ये, म्हणजे गोळ्या हळूहळू पाण्यात विरघळवणाऱ्या डब्यात, पावडर कधीच टाकायची नाही, फीडर धुतला असला तरी नाही.

आता मग. हो, साधा प्लॅस्टिकचा मग, कारण मी पाहिलेल्या भानगडी बहुतेक या मगातूनच झाल्या. एका हॉटेलात (नाव सोडा) जूनमध्ये पोरानं गोळ्यांचा चुरा ज्या मगानं काढला तोच ओला मग पावडरीच्या ड्रममध्ये घातला, झाकण लावलं आणि चहाला गेला. मी पायऱ्यांवर होतो, आतून तव्यावर पाणी पडल्यासारखा चर्र आवाज आला, मग पिवळट धूर, आणि झाकण उडून भिंतीवर आपटलं. तेव्हा आत कोणी नव्हतं एवढंच नशीब. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक केमिकलचा मग वेगळा, वेगळ्या रंगाचा, त्याच ड्रमला दोरीनं बांधलेला, आणि कोरडा. दोरी दिसायला बावळट दिसते, जीएम हसतात, हसू देत.

दुसरी भानगड बाटलीची. पस्तीस लिटरचा कॅन रोज कोण उचलणार म्हणून थोडं ॲसिड रिकाम्या पाण्याच्या बाटलीत काढून ठेवतात. आपल्याकडे तर एप्रिल-मेमध्ये हुर्राकही (काजूची दारू) तसल्याच बाटल्यांतून फिरतो, तोही पाण्यासारखाच दिसतो, आणि ड्यूटी संपल्यावर घोटभर मारणारा माणूस अंधारात कुठे वास घेत बसतो. खाण्यापिण्याच्या बाटलीत केमिकल ओतायचं नाही म्हणजे नाही. छोटा कॅन हवा असेल तर सप्लायरकडून घे, त्यावर नाव लिही, हात जळाल्याचं चित्र असलेलं लेबल चिकटव. मार्करनं लिहिलेलं आपल्या दमट हवेत महिन्यात पुसलं जातं, वरून पारदर्शक टेप मार.

पातळ करताना बादलीत पाणी आधी, मग ॲसिड, हळूहळू. पावडरीचंही तेच, पाण्यात पावडर, पावडरीवर पाणी नाही. हायपोचा कॅन उन्हात राहिला की आत गॅस धरून फुगतो, त्यामुळे झाकण तोंडाजवळ नेऊन एका झटक्यात उघडू नकोस, थोडं सैल कर, थांब, मग उघड.

ऑटोमॅटिक डोसिंग असेल, म्हणजे हायपो आणि ॲसिड छोटे पंप आपोआप पाइपात सोडत असतील, तर हे नीट वाच. लाईट गेली, जनरेटरवर आलं, या सगळ्यात मेन सर्क्युलेशन पंप ट्रिप होतो पण डोसिंगचे दोन छोटे पंप चालूच राहतात, असं होऊ शकतं. मग पाणी वाहत नाही आणि पाइपात हायपो आणि ॲसिड एकाच जागी साठत राहतात, आणि तू येऊन मेन पंप चालू केलास की तो सगळा गॅस थेट पूलमध्ये, जिथे पोरंटोरं पोहतायत. मेन पंप बंद झाला की डोसिंग आपोआप बंद व्हायला हवं, त्याला इंटरलॉक म्हणतात. असेल असं धरून चालू नकोस, महिन्यातून एकदा पूल रिकामा असताना मेन पंप मुद्दाम बंद करून बघ डोसिंग थांबतंय का. नसेल थांबत तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत डोसिंगचे प्लग काढून ठेव, आणि पंप कधी नकळत बंद पडलेला दिसला तर आधी सगळ्यांना पाण्याबाहेर काढ, मगच चालू कर.

ठेवायची जागा: ॲसिड एका खोलीत, क्लोरीनवाले दुसऱ्या, निदान समोरासमोरच्या भिंतीला आणि खाली वेगवेगळे ट्रे. पावडर आणि गोळ्याही लांब लांब. पावडर लाकडी फळीवर नको, प्लॅस्टिक पॅलेटवर, आणि जनरेटरचं डिझेल, ग्रीसचे बोळे तिच्या आसपास दिसता कामा नयेत. एक खूण सांगतो, इलेक्ट्रिक पॅनेलवर अचानक भराभर गंज चढायला लागला तर खाऱ्या वाऱ्याला दोष देऊन गप्प बसू नकोस, ॲसिडच्या कॅनचं झाकण बघ.

हातमोजे रबराचे किंवा नायट्राइलचे, डोळ्यांना बाजूनं बंद असलेला गॉगल, पायात गमबूट. चपला घालून खाली उतरलास तर मीच वर पाठवीन. कापडी मास्क किंवा एन-९५ गॅस अडवत नाही, क्लोरीनसाठी चालणारं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि तोही फक्त बाहेर पळण्यापुरता समज.

आणि झालंच काही तर? क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड, तो खाली बसतो, आणि आपल्या पंप रूम बहुतेक पूलच्या खालीच असतात. वास आला की वर ये, वारा जिकडून येतोय तिकडे जा, दुपारी बहुतेक समुद्राच्या बाजूनं असतो. 'पात्रांव (साहेब), जरा बघून येतो' म्हणून परत खाली उतरायचं नाही, आत कोणी राहिला असेल तरी नाही, तो फायर ब्रिगेडचा प्रांत आहे, त्यांच्या पाठीवर हवेची टाकी असते. डोळ्यांत किंवा अंगावर उडालं तर वाहतं पाणी, घड्याळ लावून निदान १५ मिनिटं, भिजलेले कपडे त्याचवेळी काढून टाक, लाजू नकोस. ॲसिडवर सोडा, हायपोवर व्हिनेगर असले उपाय अंगावर करायचे नाहीत.

गॅस छातीत गेलेला माणूस तासाभरात 'बरा आहे' म्हणतो आणि रात्री त्याच्या फुप्फुसात पाणी धरू शकतं, म्हणून त्याला खोलीवर झोपायला पाठवू नका, १०८ बोलवा. सोबत लेबलचा फोटो द्या, कारण कॅज्युअल्टीत 'पूलचं औषध' एवढंच सांगितलं तर डॉक्टरला काय कळणार, तो फोटो आजच काढून ग्रुपवर टाकून ठेवा, चारही कॅनचे.