कॅलरी मोजताय, तरी वजन उतरत नाही? नोंदीतल्या या चुका टाळा

दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर भात, रात्री पिठलं-भाकरी. ॲपवर बेरीज १४००. तरी दोन महिने काटा जागचा हलत नाही, अशा वेळी आधी नोंद तपासा. ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांचा एक अभ्यास १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांचं शरीर ऊर्जा नेहमीसारखीच खर्च करत होतं. खाणं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं. हे सगळे खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. काही गोष्टी खाल्ल्यात जमाच होत नाहीत.

त्यात पहिलं तेल. आमच्या घरी चौघांना महिन्याला पाच लिटरचा डबा लागायचा. भागाकार केला आणि मी दचकलेच: माणशी रोज साधारण ३८ ग्रॅम, म्हणजे जवळपास ३४० कॅलरी! माझ्या नोंदीत होतं फक्त ‘वांग्याची भाजी, १ वाटी’. फोडणीला पळीने अंदाजे तेल ओतू नका, चमच्याने मोजून घाला. डबा फोडल्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवा. महिनाअखेरीस खरा हिशोब मिळतो.

रविवारी गंगापूर रोडला मिसळ खाल्ली की ‘मिसळ, १ प्लेट’ लिहून मोकळं होऊ नका. ॲपमधली प्लेट आपल्या नाशिकची नसते. वरची तर्री, दोनदा मागितलेला रस्सा, जादाचा पाव, पापड, शेवटी जिलबी, सगळं वेगवेगळं लिहा. अंदाज चुकणारच असेल, तर जास्तीच्या बाजूने चुकू द्या.

तांदूळ कच्चा तोलून नोंद शिजलेल्या भाताची करणं ही चूक तर फार जण करतात. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ३५० कॅलरी, तेवढ्याच वजनाच्या भातात १३०.

एकादशीला नुसतं ‘उपवास’ लिहिता? साबुदाण्याच्या खिचडीतलं तूप आणि दाण्याचं कूट कुठे गेलं? येता-जाता बरणीतून घेतलेला मूठभर चिवडाही असाच निसटतो, कारण रात्री आठवून लिहायला बसलं की उभ्याने खाल्लेलं आठवत नाही. तोंडात टाकण्याआधी लिहा.

दोन आठवडे, शनिवार-रविवार धरून, असं करा. तरीही काटा तसाच राहिला, तर तीच नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि थायरॉईडची तपासणी करायची का, ते विचारा.