गोची पुस्तकं वाचायची कशी?
गो या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या पटावरच्या खेळाचं पुस्तक उघडायच्या आधी बोर्ड आणि सोंगट्या शेजारी घ्या, नुसत्या आकृत्या बघून काही डोक्यात राहत नाही. सुरुवात त्सुमेगोपासून करा, म्हणजे सोंगट्यांचे गट जगवायचे किंवा मारायचे छोटे प्रॉब्लेम, आणि सोपेच घ्या, पूर्ण उत्तर मनात दिसेपर्यंत मागचं पान उलटायचं नाही (मोह होतोच!). जोसेकी, म्हणजे कोपऱ्यातल्या ठरलेल्या चालींचे क्रम, पाठ करायच्या भानगडीत इतक्यात पडू नका, चालीमागचं कारण कळलं नसेल तर समोरच्याने वेगळं काही खेळलं की सगळं बोंबललं. कंटाळा आला की जुने गेम मांडा, १८४६ मधला शुसाकू विरुद्ध गेन्नान इनसेकी या जपानी खेळाडूंचा तर घ्याच, १२७व्या चालीवर थांबा, ती एकाच वेळी कुठेकुठे उपयोगी पडते ते आधी स्वतः शोधा, मगच टीप वाचा.