पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून थर्माकोल क्लॅडिंग करायचंय? आधी ओल बघा

पुण्यात ज्यांची भिंत पश्चिमेला उघडी आहे त्यांना सांगायला नको, मे महिन्यात रात्री दहालासुद्धा भिंतीला आतून हात लावा, गरमच लागते. त्यावर बाहेरून इन्सुलेशन हा चांगला इलाज आहे. भिंतीला ईपीएस म्हणजे आपल्या थर्माकोलचेच जरा दाट बोर्ड चिकटवायचे, वर फायबरग्लासची जाळी बेसकोटमध्ये, म्हणजे सिमेंटच्या पातळ पहिल्या थरात, दाबायची आणि शेवटी ॲक्रिलिक टेक्स्चर. ५० मिमी बोर्ड पुरतो, विटेपेक्षा यातून उष्णता साधारण वीस पट कमी जाते.

पण खरी भानगड पाण्याची. आपल्याकडे पाऊस येतो तोही पश्चिमेकडूनच, म्हणजे उन्हात तापते तीच भिंत जून ते सप्टेंबर झोडपली जाते. अमेरिकेत विल्मिंग्टनला १९९० च्या दशकात याच क्लॅडिंगमागे पाणी अडकून लाकडी घरं कुजली होती, आणि पाणी शिरलं होतं मुख्यतः खिडक्यांच्या कडांनी. आपल्या भिंती विटेच्या नाहीतर ब्लॉकच्या, त्या कुजणार नाहीत, पण ओल आतल्या खोलीत उतरेल आणि बाहेरून काहीच दिसणार नाही. म्हणून प्लास्टरच्या भेगा, टेरेसचा लीकेज, पाइपचे जोड आधी दुरुस्त करा, भिंत पूर्ण वाळू द्या आणि काम दिवाळीनंतरच काढा. मिस्त्री म्हणेल "साहेब वरून झाकलं की झालं", ऐकू नका.

भिंतीवर जुना रंग सुटत असेल तर खरवडून काढा, नाहीतर बोर्ड रंगाला चिकटतो, भिंतीला नाही. चिकटवताना बोर्डाच्या चारी कडेने मसाल्याची पट्टी आणि मध्ये गोळे, नुसते गोळे लावले तर मागे हवा खेळते. बोर्ड विटांसारखे सांधा मोडून लावा, खिडकीच्या कोपऱ्याच्या रेषेत सांधा नको, तिथे बोर्ड इंग्रजी एल आकारात कापून बसवा. उंचावर वाऱ्यासाठी प्लास्टिकचे फास्टनरही मारून घ्या. बोर्ड उन्हात फार दिवस उघडे राहिले तर पिवळे पडून वर पावडर धरतात, ती घासल्याशिवाय बेसकोट नको.

जाळी अल्कलीला टिकणारीच मागा, साधी घेतली तर सिमेंट ती खाऊन टाकतं. ती बेसकोटच्या आत बुडाली पाहिजे, आधी जाळी ठोकून वरून मसाला फासणारे पण भेटतात, त्यांना तिथेच थांबवा. पट्ट्या एकमेकांवर १० सेंमी चढवा, खिडकीच्या चारी कोपऱ्यांवर तिरका जादा तुकडा लावा कारण पहिली भेग तिथूनच जाते. फ्रेम आणि बोर्डमध्ये फट ठेवून बॅकर रॉड (फोमची गोल दोरी) आणि त्यावर सीलंट भरा, पुट्टी भरून मोकळं होऊ नका. सज्जाखाली ड्रिप पट्टी, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता खाली टपकवणारी पट्टी, हवीच, आणि खाली जमिनीपासून वीतभर वर थांबा म्हणजे वाळवीला रस्ता मिळत नाही.

ईपीएस जळतो, त्यामुळे फायर रिटार्डंट म्हणजे आग सहज न पकडणारा ग्रेडच घ्या आणि उंच बिल्डिंगला सरळ रॉकवूल (दगडाच्या धाग्यांचे न जळणारे बोर्ड), महाग पडलं तरी. सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. रंग फिका निवडा, गडद रंग तापून टेक्स्चर लवकर खराब होतं.

एसीचं आउटडोअर युनिट, ग्रिल, कपड्यांच्या दोऱ्यांचे हुक यांचे ब्रॅकेट बोर्ड लावायच्या आधी मूळ भिंतीत बसवून घ्या. आणि नंतर इंटरनेटवाला ड्रिल घेऊन आलाच तर त्याच्या भोकात सीलंट भरूनच त्याला सोडा.