आईची कुंडली, वेळ माहीत नसताना

आईची तारीख पक्की होती, वेळ मात्र नाही. मी वेळेची चौकट रिकामी सोडली, तर सॉफ्टवेअरने दुपारचे 12 धरून लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, काढून दिलं. तेच खरं मानून आम्ही वर्षभर चाललो, याचं वाईट वाटतं.

मग त्या दिवसाच्या दोन पत्रिका केल्या, रात्री 12 ची आणि पुढच्या रात्री 12 ची. चंद्र दिवसाला साधारण 13 अंश सरकतो, त्यामुळे नक्षत्र बदललं, पण रास दोन्हीकडे तीच. म्हणजे चंद्रकुंडली, चंद्राची रास पहिली धरून मांडलेली पत्रिका, हाती आली.

लग्नरास काढायला जन्माची वेळ हवी, म्हणून मोठ्या मावशीला विचारलं. "अगं, गुरं गोठ्यात शिरत होती, आजी कंदिलाची काच पुसत होती." दिवेलागण! सूर्यास्ताला सूर्याच्या राशीपासून सातवी रास पूर्वेला उगवते. साताऱ्याचा त्या तारखेचा सूर्यास्त काढला, 15 मिनिटं मागेपुढे करून पाहिलं, लग्न तेच राहिलं. सूर्य राशीच्या कडेला असता तर हे जमलं नसतं.

नवमांश, म्हणजे राशीच्या नवव्या भागावरून मांडायची पत्रिका, मात्र मी मांडला नाही. तो साधारण 13 मिनिटांत बदलतो, आणि काच पुसायला किती वेळ लागला ते मावशीलाही आठवत नाही.