कोकणात आरोग्याचे फोटो काढायचेत? आधी शेतीचं कॅलेंडर बघा

बरेच जण विचारतात की लग्नाच्या ऑर्डरी सोडून सामाजिक विषयांवर, आरोग्यावर काम करायचंय, कुठला कॅमेरा घेऊ? कॅमेऱ्याचं नंतर बोलू. आणि लग्नं लगेच सोडू नका हां, मी अजून एप्रिल-मे मध्ये लग्नं करतो, त्याच पैशांवर पावसाळा निघतो.

आपल्याकडे बरेचसे आजार शेतीच्या मागोमाग येतात. भाताच्या लावणीला लोक अनवाणी चिखलात उतरतात, उंदरांच्या नि गुरांच्या मुतातून जंतू त्या पाण्यात आलेले असतात, पायाला बारीकशी चीर असली तरी आत शिरतात, की झाला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. काजूच्या सीझनला सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे माकडतापाची भीती, हा आजार 1957 ला कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला आणि 2016 ला दोडामार्गात त्याने चांगलंच तोंड वर काढलं, जंगलातल्या गोचिडी चावून होतो आणि काजू गोळा करणारी माणसं नेमकी त्याच पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांत, फिरतात. सर्पदंशाचंही तसंच, जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये तो दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला म्हणून बाहेरचे लोक आता त्यावर स्टोऱ्या मागतात, पण महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचवाच्या दंशावरचं काम कित्येक दशकं आधी इथेच बसून केलंय.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की लेप्टोचा जंतू शिरल्यापासून ताप यायला साधारण 5 ते 14 दिवस जातात. म्हणजे खाटेवर सलाईन लावलेल्या माणसाची खरी गोष्ट आठवडा-दोन आठवडे आधीच शेतात घडून गेलेली असते. मुंबईचा फोटोग्राफर बातमी आल्यावर येतो, त्याला खाटच मिळते. तुम्ही तिथलेच, तुम्हाला बांध मिळतो, लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीची (डॉक्सिसायक्लिन) गोळी हातावर ठेवणारी आशाताई मिळते, आणि ती गोळी कमरेला खोचून "मगे खातंय" म्हणणारी आजी पण मिळते. म्हणून वहीत वर्षाचं कॅलेंडर काढा, कुठल्या महिन्यात कुठलं काम आणि त्याला चिकटून कुठला आजार, आणि आपलाच एक तालुका धरा. तीन जिल्हे धरले तर पेट्रोलमध्येच मराल.

परवानगीत नवीन माणूस हमखास गंडतो. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, तिथे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र लागतं, पण ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. एकाचं पत्र दुसरीकडे दाखवून उपयोग नाही, मी दाखवलंय, दोन तास बाकड्यावर बसून परत आलोय. आणि साहेबांचं पत्र म्हणजे पेशंटची संमती नव्हे, ती वेगळी घ्यायची, दरवेळी.

आता संमती. छापील फॉर्मवर सही घेतली म्हणजे झालं असं बिलकुल नाही. ओटीवर बसा, चहा घ्या, फोटो कुठे कुठे जाईल ते मोबाईलवर दाखवा, कारण "पेपरात येतलो काय?" एवढंच लोकांच्या डोक्यात असतं, तो फोटो उद्या भाच्याच्या व्हॉट्सअॅपवर फिरेल हे नसतं. माझी एक चूक सांगतो. टीबीच्या एका ताईंचा चेहरा न दाखवता नुसते हात आणि गोळ्यांचं पाकीट असा फोटो काढला, मला वाटलं आपण लय शहाणे. फोटोत मागे दरवाजा होता निळा, त्यावर मुलाने खडूने काढलेली होडी. अख्ख्या वाडीने एका मिनिटात घर ओळखलं. शहरात चेहरा लपवला की माणूस लपतो, वाडीत दरवाजा, गोधडी, कुत्रा, बांगड्या, सगळं बोलतं. तेव्हापासून असा फोटो मी बाहेर पाठवायच्या आधी गावातल्याच एका विश्वासाच्या माणसाला, बहुतेक त्याच आशाताईंना, दाखवतो आणि विचारतो, हे कोणाचं घर ते कळतंय का? फोटो फाइलमधलं जीपीएस लोकेशनही काढून टाका.

कायदाही माहीत असू दे. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, केसमध्ये मुलाचं नाव-फोटोच काय, शाळा आणि शेजारसुद्धा कळेल असं काही छापता येत नाही. एचआयव्हीबद्दल 2017 चा कायदा आहे, एखाद्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट लेखी संमतीशिवाय बाहेर काढायची नाही. आणि हो म्हटलेला माणूस नंतर नाही म्हणू शकतो, तेही माना. जपानच्या मिनामातात पाऱ्याच्या प्रदूषणावर अमेरिकन फोटोग्राफर युजीन स्मिथने 1971 मध्ये काढलेला, आईने मुलीला आंघोळ घालतानाचा फोटो जगभर गाजला, पुढे कित्येक वर्षांनी आईवडिलांच्या इच्छेखातर तो वापरायला देणं थांबवलं गेलं. एवढा मोठा फोटो थांबू शकतो तर आपला कुठला लागून गेलाय.

कॅमेरा म्हणाल तर जुना चालेल, पण 35 एमएमची एफ 1.8 लेन्स घ्याच, चिऱ्याच्या घरात माजघरात भर दुपारी अंधार असतो आणि आजारी माणसावर फ्लॅश मारणं बरं दिसत नाही. पावसात लेन्सला बुरशी लागते, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. चिखलात गमबूट, पायाला जखम असेल तर उतरूच नका, डॉक्सी घ्यायची का ते डॉक्टरला विचारा. जंगलातून आलात की कपडे बाहेरच काढून अंगावर गोचीड बघा.

शेवटी पैसे. कोणी पैसे देऊन फोटो काढायला सांगितले आणि करारात काही लिहिलं नाही, तर आपल्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा, तुम्ही नाही! म्हणून हक्क माझ्याकडे, तुम्हाला अमुक वापरासाठी अमुक वर्षं, असं काम सुरू व्हायच्या आधी लेखी घ्या. हक्क लिहून दिले पण मुदत टाकली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो. एडिटिंगचे दिवस, प्रवास, काम रद्द झालं तर किती, सगळं त्यातच. संस्था बहुतेक 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापेल, तो 26एएस मध्ये, म्हणजे आयकराच्या साइटवर तुमच्या नावे जमा कराच्या उताऱ्यात, चढलाय का ते नक्की बघा, माझा एका संस्थेने कापला पण भरलाच नव्हता, त्यांच्या अकाउंटंटला मे पासून फोन करतोय, गणपती आले तरी "बघतो सर" चाललंय.