आगीच्या ठिकाणी वायरलेस सेट कसा वापरायचा : नव्या फायरमनसाठी

नव्या पोरांच्या हातात वॉकी-टॉकी दिला की मी आधी ऐकायला लावतो, बोलणं नंतर. बटण दाबून धरलं की तेवढा वेळ तुमचा सेट बहिरा. जोडीदार आतून हाक मारत असला तरी तुम्हाला कळणार नाही. दोघांनी एकदम दाबलं तर ज्याचा सिग्नल जोरदार तोच ऐकू येतो, नाहीतर नुसती किरकिर. आणि आत गेलेल्याचा सिग्नल बहुधा कमजोरच असतो, कारण मध्ये भिंती आणि स्लॅब असतात. बाहेर उभं राहून केलेली वायफळ बडबड त्याचा आवाज दाबून टाकते. म्हणून चॅनेल मोकळा ठेवा, त्याच्यासाठी.

गाडी स्टेशनातून निघतानाच बॅटरी, आवाज आणि चॅनेलची खुंटी बघा, जोडीदाराला एक हाक टाकून तपासा. दोन सेट एकमेकांना चिकटून ठेवून तपासाल तर शिट्टी वाजेल, चार पावलं लांब व्हा.

आता चॅनेल. कंट्रोलशी, म्हणजे नियंत्रण कक्षाशी, बोलणं रिपीटरवरून होतं : तुमचा आवाज उंचावरच्या यंत्रणेकडे जातो आणि तिथून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात फेकला जातो. हातातला सेट जेमतेम पाच वॅटचा, त्यामुळे गाव ओलांडायला हा आधार लागतोच. पण नागपुरात सीताबर्डीच्या एखाद्या दुकानाच्या तळघरात उतरलात की रिपीटर गाठता येत नाही. दारावरचा माणूस मात्र डायरेक्ट चॅनेलवर सहसा ऐकू येतो, कारण तिथे सेट थेट सेटशी बोलतो. म्हणून आत-बाहेरचं बोलणं डायरेक्टवर आणि कंट्रोलशी बोलणं रिपीटरवर, तेही फक्त घटनास्थळाच्या प्रमुखाने. कोणत्या नंबरवर काय, ते आत शिरण्याआधी विचारून घ्या. धुरात हातमोजे घालून खुंटी फिरवत बसायची वेळ येऊ देऊ नका.

बोलायची रीत अशी. बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ज्याला हाक मारायची त्याचं नाव आधी, स्वतःचं नंतर : ‘पंप, ब्रांच एक. ओव्हर.’ (ब्रांच म्हणजे होजच्या टोकाची पाणी मारायची तोटी.) त्याने उत्तर दिलं की निरोप सांगा. तो निरोप त्याने परत म्हणून दाखवलाच पाहिजे. ‘हो हो’ चालत नाही.

इथे मी फार कडक आहे : नकार शेवटी ठेवायचा नाही. ‘पाणी सोडू नका’ म्हणताना बटण क्षणभर आधी सुटलं, तर पंपावरच्याला ऐकू येतं ‘पाणी सोडू’. वर होज अजून जोडलेला नसतो. त्यामुळे ‘थांबा, पाणी बंद’ म्हणा. आकडेही सुटे सांगा. बासष्ट आणि बावन्न गोंगाटात सारखेच वाटतात. ‘सहा-दोन’ म्हटलं की घोळ नाही.

बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचं श्वसनयंत्र, चढवल्यावर माइक तोंडापाशी धरून उपयोग नाही, मास्कच्या बोलायच्या चकतीला जवळ धरा. ओरडू नका, आवाज फाटतो. हळू आणि तुटक बोला. निरोप पोचत नसेल तर ॲंटेना उभा करा, सेट छातीपासून दूर धरा, जिना किंवा खिडकी जवळ असेल तर तिकडे सरका. इतवारीत दाटीवाटीच्या दुकानांत दोन पावलांनीही फरक पडतो.

अडकलात, वाट चुकलात किंवा सिलिंडरची हवा संपत आल्याची शिट्टी वाजली आणि बाहेर पडता येत नसेल, तर वाट पाहू नका. ‘मेडे, मेडे, मेडे’, मग नाव, मजला, काय झालं, हवा किती उरली. सेटवर आणीबाणीचं बटण असेल तर तेही दाबा. ही हाक ऐकली की बाकी सगळ्यांनी गप्प. तिला उत्तर फक्त प्रमुख देतो. मदतीला धावायचा मोह होतो, मला तो कळतो, पण हुकमाशिवाय आत शिरलात तर शोधायची माणसं वाढतात.

गॅस गळतीच्या ठिकाणी अशा जागेसाठी प्रमाणित नसलेला सेट आत नेऊ नका, आणि बॅटरी तर तिथे कधीच बदलू नका.

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो, तेव्हा सेट गाडीच्या काचेपाशी उन्हात ठेवू नका, बॅटरी खराब होते. ड्युटी सोपवताना पुढच्याच्या हातात सेट देऊन त्याच्यासमोर हाक मारून दाखवा. बिघाड असेल तर तेव्हाच वहीत लिहा.